शंका कुणाच्या वाट्याला

समोरचा संघ नुसता धावणारा असला तर शुक्रवारची रात्र दमवते, पण आठवडा सोपा जातो. सोमवारीच मुलांना सांगून टाकता येतं की सगळे पुढे या, आपापली फट धरा आणि ढकलले जाऊ नका. नुसता पास फेकणारा संघ असला तर माणसं मागे पसरायची आणि पुढच्या चौघांना पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या मागे लावायचं. खरी कसोटी पाहतो तो दोन्ही येणारा संघ. मांडणी तीच, खेळाडू तेच, आणि कुणी चेंडू घेऊन अंगावर येणार की चेंडू डोक्यावरून जाणार, हे पहिल्या क्षणी कळत नाही. असा संघ पुढच्या शुक्रवारी असला की आमच्या प्रशिक्षकांच्या खोलीत रविवारचं रात्रीचं जेवण फिल्म पाहत टेबलावरच होतं.

मी डॅलसच्या उत्तरेला एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि तिथल्याच अमेरिकन फुटबॉल संघाच्या लाइनबॅकरांना, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेमागे उभ्या राहणाऱ्यांना, तयार करतो. टेक्सासमध्ये ही जोडी नेहमीची आहे. शाळेच्या संघाचे बहुतेक प्रशिक्षक दिवसा वर्गावर असतात. आमच्या भागात मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यांची मुलं शुक्रवारी स्टेडियममध्ये असतात, पण बहुतेक मार्चिंग बँडमध्ये, क्लॅरिनेट नाहीतर ड्रम घेऊन. मी या खेळाकडे आलो तो आकड्यांच्या वाटेने. बचावाच्या मुख्य प्रशिक्षकांना समोरच्या संघाची फिल्म पाहून प्रत्येक खेळीची नोंद ठेवणारा माणूस हवा होता. नोंदी करता करता प्रश्न पडू लागले, प्रश्न विचारता विचारता सरावाला उभा राहू लागलो, आणि एका उन्हाळ्यात त्यांनी लाइनबॅकर माझ्याकडे सोपवले.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, जमलं तर पुन्हा चार प्रयत्न. एकेका प्रयत्नाला डाउन म्हणतात. पुढे जायचे दोन मार्ग, चेंडू घेऊन धावणं किंवा तो पुढे फेकणं. दुसरा मार्ग सुरुवातीला नव्हताच. १९०५ मध्ये मैदानावरचे मृत्यू आणि गंभीर दुखापती इतक्या गाजल्या की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी नियम बदलले आणि १९०६ पासून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. एका जागी साचणारी गर्दी पांगावी, हा हेतू. ती पांगली, आणि बचाव करणाऱ्याच्या मनात तेव्हापासून एक प्रश्न येऊन बसला. पुढे जाऊ की थांबू?

संतुलित आक्रमणाविरुद्धचा सगळा बचाव या एका प्रश्नाभोवती फिरतो असं माझं मत आहे. अकराच्या अकरा मुलांनी तो स्वतःला विचारला तर अकराही जण अर्धा सेकंद उशिरा निघतील, आणि अर्ध्या सेकंदात चेंडू घेऊन वेगात निघालेला रनिंग बॅक चार यार्ड पार करतो. म्हणून प्रशिक्षकाने शंका वाटून द्यायची असते. नऊ-दहा मुलांना शंकेतून पूर्ण मोकळं करायचं. उरलेली शंका कुणाच्या वाट्याला जाईल हे आपण ठरवायचं, समोरच्याला ठरवू द्यायचं नाही. माझं काम काय असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

फिल्मपासून सुरुवात होते. हडल नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, अमेरिकेतल्या बहुतेक हायस्कूल संघांकडे ते असतं. त्यात समोरच्या संघाची प्रत्येक खेळी तुकड्यातुकड्याने पाहता येते. कितवा डाउन, किती यार्ड हवे होते, चेंडू मैदानाच्या डाव्या बाजूला होता की उजव्या, मांडणी कोणती, रनिंग बॅक कुठे उभा होता, खेळले काय, मिळालं किती. हे सगळं भरलं की टक्केवारी आपोआप निघते, आणि इथेच नवखा माणूस गोंधळतो. हंगामभरात निम्म्या धावा आणि निम्मे पास, म्हणजे संघ संतुलित, असं कागदावर दिसतं. पण पहिल्या डाउनला हटकून धाव आणि तिसऱ्या डाउनला आठ यार्ड हवे असताना हटकून पास, अशी ती निम्मी-निम्मी वाटणी असेल, तर तो संघ आपला बेत स्वतःच्या तोंडाने सांगतो आहे. तोल बघायचा तो एकाच परिस्थितीत. पहिला डाउन, दहा यार्ड, तीच मांडणी, आणि तरीही दोन्हींची शक्यता सारखी. असं एखाद्या संघाचं निघालं की मी खुर्ची पुढे ओढतो.

मग बारीकसारीक खुणा शोधायच्या. पुढच्या रांगेतला मुलगा हात जमिनीला टेकून उभा राहतो; धाव असेल तर तो पुढे झेपावणार म्हणून बोटांवर भार येतो, पास असेल तर मागे सरकायचं म्हणून भार हलका राहतो. रनिंग बॅक कधी क्वार्टरबॅकच्या रेषेत असतो, कधी अर्धं पाऊल मागे. बाहेरचा, पास पकडणारा रिसीव्हर धावेच्या खेळीत सैलावतो, कारण चेंडू आपल्याकडे येणार नाही हे त्याला ठाऊक असतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचं शरीर खोटं बोलायला शिकलेलं नसतं. पण चांगले प्रशिक्षक स्वतःच्या संघाची फिल्मही त्याच नजरेने पाहतात आणि या खुणा एकेक करून पुसून टाकतात. अशा संघापुढे खुणांचा उपयोग थोडा. हिशेबच करावा लागतो.

हिशेब असा. आक्रमणाच्या पुढच्या रांगेत पाच जण: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. त्यांना टोकाला टाइट एंड (तो अडवतोही आणि पासही पकडतो) जोडला की अडवणारे सहा होतात. सहा माणसांच्या मधल्या पाच आणि दोन टोकांच्या बाहेरच्या दोन, अशा सात फटी. धावणारा यांतल्या कुठल्याही फटीतून येऊ शकतो. आता त्यांनी तीन रिसीव्हर बाहेर पसरले. आमचे दोन कॉर्नरबॅक आणि निकेल म्हणतात तो तिसरा, असे तिघे त्यांच्यासमोर गेले. लांब पासच्या भीतीने दोन सेफ्टी मागे खोल उभे राहिले. अकरातून पाच गेले, उरले सहा. फटी सात, माणसं सहा.

एक सेफ्टी पुढे आणला तर फटी भरतात, पण मागचं सगळं आवार एकट्याच्या अंगावर पडतं, आणि त्यांच्या क्वार्टरबॅकला तेच हवं असतं. क्वार्टरबॅक स्वतः धावणारा असला तर हिशेब आणखी बिघडतो. एरवी चेंडू देऊन झाला की त्याच्याकडे दुर्लक्ष करता येतं. तो धावू शकतो म्हटल्यावर त्याच्यासाठीही एक माणूस राखून ठेवावा लागतो. वर्गात मी मुलांना सांगतो की प्रत्येक समीकरणाला उत्तर असतंच असं नाही. मैदानावर ते मला दर आठवड्याला दिसतं. सात फटी आणि सहा माणसं यांत कुणीतरी एक जण दीड माणसाचं काम करणार. कोण, एवढंच आपल्या हातात असतं.

माझ्या लाइनबॅकरांसाठी मी पहिल्यापासून एक गोष्ट धरून ठेवली आहे. चेंडूकडे बघायचं नाही. क्वार्टरबॅकच्या हातांकडे, रनिंग बॅकच्या डोक्याकडे, कशाकडेच नाही. समोरच्या गार्डकडे बघायचं. त्याचं हेल्मेट खाली राहून पुढे आलं तर धाव. हेल्मेट वर उठलं आणि तो मागे सरकला तर पास. रांग सोडून तो आडवा पळाला तर त्याच्या मागे जा, चेंडू तिकडेच निघाला आहे. मी सांगलीत शाळेच्या संघात कबड्डी खेळलो, डाव्या कोपऱ्यावर. चढाई करणारा हातवारे कितीही करो, आमचे सर पायांवरून नजर हलवू देत नसत. लाइनबॅकर शिकवताना मी त्यांचंच ऐकत असतो.

हे शिकवण्यासाठी आम्ही सरावात चेंडूच ठेवत नाही. राखीव मुलं समोरच्या संघाची मांडणी करतात, मी लाइनबॅकरांच्या पाठीमागे उभा राहून खेळीचं कार्ड वर धरतो, शिट्टी होते, गार्ड हलतात, आणि लाइनबॅकरांनी पहिली दोन पावलं टाकून थांबायचं. एवढंच. पुन्हा. पुन्हा. मुलांना हा सराव आवडत नाही, कारण यात ना कुणाला पाडायचं असतं ना चेंडू पकडायचा असतो. ऑगस्टमध्ये डॅलसला दुपारचं ऊन शंभर अंश फॅरेनहाइटच्या आसपास असतं आणि टर्फवरून वाफा येतात. त्यातही वेळ कमी. राज्यातल्या शालेय स्पर्धांचं नियमन करणाऱ्या यूआयएलच्या नियमानुसार शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला ८ तासांपेक्षा जास्त सराव घेता येत नाही. त्या ८ तासांतले किती दोन पावलांवर खर्च करायचे यावर आमच्या खोलीत दरवर्षी बोलणं होतं आणि दरवर्षी मी जास्तीचे मागतो.

गेल्या हंगामात आमचा मधला लाइनबॅकर दहावीतला होता. अंगाने मजबूत, धीट, आणि विचारी. विचारी असणंच त्याला नडत होतं. मंगळवारच्या सरावात तो दर खेळीला किंचित घुटमळायचा. मधेच वळून त्याने विचारलं, “कोच, मी जाऊ की थांबू?”

“ते तू ठरवायचं नाही,” मी म्हटलं. “तुझ्या समोरच्या गार्डने ठरवायचं. तू फक्त ऐकायचं.”

“आणि गार्डने फसवलं तर?”

“तर मागे कुणीतरी आहे. तो त्याच कामासाठी ठेवलाय. त्याची काळजी तू करू नकोस.”

त्याने मान हलवली, पण चेहऱ्यावरून पटलेलं दिसत नव्हतं. पटायला वेळ लागतो, कारण यात आपल्या पाठीमागच्या माणसावर न बघता विश्वास टाकायचा असतो. मला ते शिकवताना आणखी एका गोष्टीची आच असते. घुटमळलेला मुलगा उशिरा पोचतो, आणि उशिरा पोचलेला मुलगा पाय जवळ न नेता डोकं खाली घालून झेप घेतो. मानेच्या आणि डोक्याच्या दुखापती अशाच होतात. ज्याला कुठे जायचं ते माहीत आहे तो वेळेवर पोचतो, मान वर ठेवून खांद्याने अडवतो. स्पष्ट सूचना देणं ही त्या मुलाच्या आईवडिलांप्रती असलेली माझी जबाबदारी आहे असं मी मानतो.

गार्ड खरंच फसवतो. धावेची हूल देऊन पास फेकतात त्याला प्ले-ॲक्शन म्हणतात. सगळी पुढची रांग धावेसारखी खाली वाकते, क्वार्टरबॅक रनिंग बॅकच्या पोटाशी चेंडू नेतो, लाइनबॅकर दोन पावलं पुढे येतात, आणि त्यांच्या पाठीमागे जी जागा रिकामी होते तिथे चेंडू जातो. पूर्वापार समजूत अशी की आधी खूप धावून दाखवलं तरच ही हूल लागू पडते. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळींची सविस्तर आकडेवारी सगळ्यांना उपलब्ध झाल्यावर अभ्यासकांनी हे तपासलं, तेव्हा तसा संबंध काही दिसेना. जे संघ कमी धावतात त्यांचीही हूल चालते. मला यात नवल वाटलं नाही. लाइनबॅकर टक्केवारी मनात धरून पाऊल टाकत नाही. त्याच्या डोळ्यांना धाव दिसली, पाय निघाले. आपण त्याला तसंच शिकवलेलं असतं, आणि तसंच शिकवायला हवं. म्हणून हूल लागली की रागावून उपयोग नाही. लागल्यानंतरचं शिकवायचं. पास आहे असं लक्षात येताच मागे-मागे पावलं टाकत बसायचं नाही. पाठ फिरवून पळत खोल जायचं आणि पळता पळता मैदान आडवं कापत येणारा रिसीव्हर शोधायचा. फेकणाऱ्याकडे तोपर्यंत बघायचंही नाही. हे अंगात मुरायला आमच्या मुलांना बहुतेक ऑक्टोबर उजाडतो.

आरपीओ, म्हणजे रन-पास ऑप्शन, हे त्याच्यापुढचं प्रकरण, आणि मला ते जास्त कठीण वाटतं. प्ले-ॲक्शनमध्ये पास आधीच ठरलेला असतो, धाव नुसती दाखवायची असते. आरपीओमध्ये काहीच ठरलेलं नसतं. पुढची रांग खरोखर धावेसाठी अडवते, आणि क्वार्टरबॅक आमच्या एका माणसाकडे बघतो, बहुधा बाजूच्या लाइनबॅकरकडे नाहीतर निकेलकडे. तो पुढे आला तर त्याने सोडलेल्या जागेत झटक्यात पास. तो थांबला तर चेंडू रनिंग बॅकच्या हातात, आणि फट अडवायला एक माणूस कमी. काहीही करा, चूक. गार्डकडे बघणाऱ्या मुलाला इथे गार्ड खोटं सांगत नसतो, तो बिचारा धावेसाठीच निघालेला असतो. इथे नियमांचाही वाटा आहे. टेक्सासची हायस्कूलं कॉलेजचे नियम वापरतात, आणि त्यांत पुढच्या रांगेतल्यांना पास सुटण्याआधी तीन यार्डांपर्यंत पुढे जाता येतं. एनएफएलमध्ये एकच यार्ड. दोन यार्डांचा हा फरक फिल्मवर खिडकीएवढा मोठा दिसतो, कारण तेवढ्या अंतरात ती खेळी धावेहून वेगळी ओळखता येतच नाही.

ते ज्याला शंकेत पकडू पाहतात तो मुलगा आपल्याला आधीच माहीत असेल, तर त्याला शंकेतून सोडवता येतं. निकेलला सांगून टाकायचं, तू पासचा, धाव समोरून गेली तरी जागा सोडायची नाही. मग ती मोकळी फट दुसऱ्या कुणाला तरी दिली पाहिजे. पुढच्या रांगेतल्या टॅकलला जरा आत झुकवायचं, म्हणजे तो एकट्याने दीड फट धरतो. किंवा सेफ्टीला टाइट एंडकडे बघायला लावायचं: टाइट एंड अडवायला वाकला तर सेफ्टीने धावेवर तुटून पडायचं, तो पळत निघाला तर त्याला धरायचं. कागदावर हे सुरेख दिसतं, कारण दोन्ही सेफ्टी खोल उभे दिसतात आणि तरी धावेला माणूस मिळतो. शंका मात्र नाहीशी झालेली नसते. ती लाइनबॅकरकडून उचलून सेफ्टीच्या डोक्यावर ठेवलेली असते.

डॅलसमध्ये या विषयावर बोलताना टॉम लँड्री यांचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. टेक्सासमधलेच, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग शिकलेले, १९६० पासून १९८८ पर्यंत डॅलस काउबॉईजचे मुख्य प्रशिक्षक. त्याआधी १९५० च्या दशकात न्यूयॉर्क जायंट्सकडे ते बचाव सांभाळत आणि आक्रमण सांभाळत व्हिन्स लोम्बार्डी. पुढे लोम्बार्डी ग्रीन बेला गेले. त्यांच्या धावण्याच्या पद्धतीत धावणाऱ्याला ठरलेली फट नसायची. जिथे मोकळं दिसेल तिथे घुसायचं. लँड्रींनी त्यावर फ्लेक्स नावाचा बचाव बसवला. पुढच्या रांगेतले काही जण किंचित मागे सरकून उभे राहत, आधी पाहत, आणि चेंडू कुठेही पळत असला तरी आपली फट सोडत नसत. बलदंड, वेगवान माणसाला चेंडूमागे धावू नको म्हणणं म्हणजे त्याच्या अंगच्या वृत्तीशीच झगडा. लँड्रींनी तो वर्षानुवर्षं धरून ठेवला. आमच्या मुलांना मी त्या काळच्या फिल्म दाखवतो. चित्र धूसर आहे, पण एकेक जण आपल्या जागी कसा थांबला आहे हे स्वच्छ दिसतं.

अलीकडच्या काळातला माझा सगळ्यात आवडता सामना बहुतेकांना कंटाळवाणा वाटला होता. ३ फेब्रुवारी २०१९, अटलांटा, सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना. लॉस एंजेलिस रॅम्सनी त्या हंगामात सामन्यामागे सरासरी जवळजवळ ३३ गुण केले होते. त्यांचे प्रशिक्षक शॉन मॅकव्हे यांचं आक्रमण असं की बाहेरच्या बाजूला धावण्याची खेळी आणि तिची हूल पहिल्या क्षणी अगदी सारखी दिसे. डिसेंबरमध्ये शिकागो बेअर्सनी त्यांना १५-६ असं हरवलं, तेव्हा बेअर्सचा बचाव सांभाळणाऱ्या व्हिक फँजिओ यांनी रांगेवर सहा माणसं आणि त्यांच्यामागे एकच लाइनबॅकर अशी मांडणी बरीच वापरली होती. न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या बिल बेलिचिक यांनी ती उचलली आणि मागे चौघांनी मैदानाचे चार भाग वाटून घेतले. रांगेवर सहा जण असले की बाहेरच्या धावेला वळायला जागा राहत नाही. आणि हूल द्यायची तर कुणाला? मागे फसायला लाइनबॅकरच एक उरलेला. धावेची जबाबदारी त्यांनी ज्यांना हूल लागूच शकत नाही अशा माणसांवर टाकली. निकाल १३-३, दोन्ही संघांचे मिळून आजवरच्या सुपर बोलमधले सगळ्यात कमी गुण.

त्या सामन्यातही एकदा मागची वाटणी फसली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये रॅम्सचा ब्रँडिन कुक्स शेवटच्या पट्ट्यात एकटाच मोकळा होता. त्यांचा क्वार्टरबॅक जेरेड गॉफचा पास सुटायला उशीर झाला, आणि पेट्रियट्सचा जेसन मॅककोर्टी आपली बाजू सोडून मैदान आडवं पळत आला आणि त्याने चेंडू पाडला. ती खेळी मी मुलांना वर्षातून एकदा दाखवतो, योजना कशी चालते यासाठी नाही. योजना मोडल्यावर आपली जागा कधी सोडायची, हे तिच्यातून समजतं, आणि कार्डांवर ते लिहिता येत नाही.

गेल्या वर्षी आमच्यासमोर असा संघ आला तेव्हा आम्ही शंका सेफ्टीला दिली. तो बारावीतला, तीन वर्षं संघात असलेला, बोलणं कमी. बुधवारी त्याला बाजूला घेऊन मुख्य प्रशिक्षकांनी सगळं सांगितलं, त्याने नीट ऐकून घेतलं. पूर्वार्ध आम्हाला हवा तसा गेला. त्यांची धाव आमच्या रांगेतच संपत होती, कारण टाइट एंड वाकला की हा खोलवरून तीरासारखा खाली येई. दहावीतला माझा लाइनबॅकर घुटमळत नव्हता. गार्ड खाली, तो पुढे. गार्ड वर, तो मागे. मी बाजूच्या रेषेवर उभा राहून त्याची फक्त पहिली दोन पावलं पाहत होतो.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांनी तेच दाखवलं. टाइट एंड वाकला, त्याने आमच्या टोकाच्या मुलाला खांदाही लावला. सेफ्टी निघाला. टाइट एंडने मनातल्या मनात एक आकडा मोजला असेल, मग अडवणं सोडून तो सरळ पळत सुटला. आमच्या सेफ्टीला कळलं तेव्हा दोघे एकमेकांच्या बाजूने उलट दिशांना जात होते. पन्नासेक यार्डांचा टचडाउन. स्टँडमधून त्या मुलाच्या नावाने काहीबाही ओरडलं गेलं. ज्यांना योजना माहीत नसते त्यांना शेवटी जो मागे दिसतो तोच दोषी वाटतो.

तो बाकावर येऊन बसला. मी लाइनबॅकरांचा, तो माझ्या गटातला नव्हे, पण मी त्याच्याजवळ गेलो. त्याला म्हटलं की पूर्वार्धात त्यांची प्रत्येक धाव ज्याने थांबवली तोच तू आहेस, आणि हा टचडाउन त्याच निर्णयाची किंमत आहे. निर्णय आमचा. तुला जे सांगितलं होतं ते तू चोख केलंस. तो म्हणाला, “पुढच्या वेळी मी अर्धं पाऊल थांबू का?” मी नाही म्हटलं. अर्धं पाऊल थांबला असता तर धावाही सुटल्या असत्या आणि पासही. त्याऐवजी आम्ही त्या खेळीपुरता टोकाच्या मुलालाच टाइट एंडला धक्का देऊन रोखून धरायला सांगितलं, म्हणजे तो सहज निसटू नये. सामना आम्ही अखेर एका फील्ड गोलने जिंकलो.

रविवारी खोलीत वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. मुख्य प्रशिक्षकांचं म्हणणं, सेफ्टीवर शंका टाकणं महाग. लाइनबॅकर फसला तर बारा यार्ड जातात, सेफ्टी फसला तर सहा गुण जातात. माझं म्हणणं, शंका त्यालाच द्यावी ज्याच्यापाशी बघायला वेळ आहे. लाइनबॅकर चेंडूपासून चार-पाच यार्डांवर असतो, सेफ्टी दहा-बारा यार्डांवर. त्याला दोन गोष्टी पाहून मग निघता येतं, लाइनबॅकरला एकही धड पाहता येत नाही. शिवाय अनुभवाचा प्रश्न आहे. दहावीतल्या मुलावर ते ओझं टाकायला माझा जीव होत नाही, आणि त्या सेफ्टीला नंतर विचारलं तेव्हा त्यानेही “ते माझ्याकडेच राहू द्या” असं सांगितलं होतं.

यंदा तो शाळा संपवून गेला आहे, त्यामुळे त्या उत्तराचा आधार आम्हाला नाही. नव्या सेफ्टीला मोठ्या सामन्यांची सवय नाही, आणि लाइनबॅकर आता अकरावीत आहे, गार्डकडे पाहून माझ्यापेक्षा लवकर खेळी ओळखतो. म्हणून तूर्त आम्ही मैदानाच्या जागेनुसार वाटणी केली आहे. ते आमच्या शेवटच्या २० यार्डांत शिरले की शंका सेफ्टीकडे, कारण तिथे त्याच्यामागे मैदान थोडंच उरतं आणि मागची सीमारेषाच आमचा माणूस म्हणून उभी असते. लांब पास फेकायला त्यांना जागाच नसते. आमच्या बाजूच्या २५ ते ४० यार्डांच्या पट्ट्यात निकेल पासचा, आणि दीड फटीचं काम टॅकलकडे. मधल्या मैदानाचा रकाना मुख्य प्रशिक्षकांनी अजून रिकामा ठेवला आहे. पहिला सामना ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आहे, आणि समोरचा संघ गेल्या वर्षी पहिल्या डाउनला जितका धावला तितकाच पास खेळला होता.